लांडगा तिकडचा, बिबट्या इकडचा

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं’. मी संगणकात काम करते, अमेरिकेत राहते, म्हणजे याच विषयावर बोलणार, असं त्यांना वाटलं. मी तयारीही केली होती. पण परवा रात्री दादाच्या घरी मुक्कामाला होते आणि तिथे जे पाहिलं त्यानंतर विषय बदलायची परवानगी मागितली. त्यांनी ती दिली. ‘पण वेळ तेवढाच’ असं बजावूनही सांगितलं.

परवा रात्री साडेअकराला शेतीची लाइट आली. या आठवड्यात आमच्या वाडीला रात्रपाळी आहे. दादा उठला, बॅटरी घेतली, काठी घेतली, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावली आणि उसाच्या बांधाने मोटर चालू करायला निघाला. वहिनी दारात बसून राहिली. मी म्हटलं, “वहिनी, झोपा ना, येईल तो.” ती म्हणाली, “गाणं ऐकू येतंय तोवर बरं असतं. ते थांबलं की जीव खालीवर होतो.” चाळीस मिनिटांनी दादा आला. वहिनीने काही न बोलता कडी लावली. हे त्यांचं रोजचं आहे.

माझ्या लहानपणी आपण बिबट्याची भीती ऐकून होतो, पण अंगणात झोपत होतो. आता जुन्नर तालुक्यात, शेजारच्या आंबेगाव-शिरूरमध्ये माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. या सभागृहात बसलेल्यांपैकी कोणाच्या ना कोणाच्या नात्यातलं, ओळखीतलं ते घर आहे. त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते जपून बोलणार आहे. दादाने मला आधीच सुनावलंय, “तुझं बरं आहे गं. तू विमानात बसून जाशील. रात्री मोटर चालू करायला मला जायचंय.” त्याचं बरोबर आहे. ते वाक्य डोक्यात ठेवूनच मी बोलते.

गेली १६ वर्षं मी अमेरिकेच्या आयडाहो राज्यात, बॉइसी शहरात राहते. आयडाहो म्हटलं की तिकडच्या लोकांना बटाटा आठवतो. मला मात्र तिथे गेल्यापासून एका भांडणाने धरून ठेवलंय. ते भांडण लांडग्यांचं आहे.

१९९५ चा जानेवारी महिना आठवा. आपण दहावीच्या सराव परीक्षेच्या चिंतेत होतो. त्याच महिन्यात कॅनडात पकडलेले लांडगे विमानाने आयडाहोत आणले गेले आणि तिथल्या रानात सोडले गेले. त्या वर्षी १५, पुढच्या वर्षी २०, असे एकूण ३५. शेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात दोन वर्षांत मिळून ३१ सोडले.

बाहेरून लांडगे का आणावे लागले? तर आधीचे सरकारनेच संपवले होते. १९१५ साली अमेरिकेच्या संसदेने लांडगे, कायोटी म्हणजे तिकडचे कोल्ह्यासारखे प्राणी, आणि इतर शिकारी जनावरं मारण्यासाठी १,२५,००० डॉलर मंजूर केले. पगारी शिकारी नेमले गेले. बंदूक, सापळे, विष, सगळं वापरलं. यलोस्टोनसारख्या राखीव उद्यानातसुद्धा शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले, तेही उद्यानाच्याच कर्मचाऱ्यांनी. १९३१ साली या कामाला कायमचा कायदा मिळाला. तो विभाग आजही आहे. आता तो कृषी खात्याखाली आहे आणि १९९७ पासून त्याचं नाव आहे ‘वाइल्डलाइफ सर्व्हिसेस’. नाव ऐकून वाटावं की प्राण्यांची सेवा करतात! बरीच कामं ते करतात, विमानतळावरचे पक्षी हाकलण्यापासून. पण दर वर्षी पन्नास हजारांच्या वर कायोटीही मारतात. आणि गंमत अशी की शंभर वर्षं मारूनही कायोटी कमी झाला नाही. उलट तो जवळजवळ सगळ्या अमेरिकेत पसरला. त्याच्या टोळीतली मोठी जनावरं मारली की टोळी फुटते आणि उरलेल्या माद्या लवकर विऊ लागतात.

आपण कॉलर ताठ करण्यात अर्थ नाही. इंग्रजांच्या राज्यात आपल्याकडेही हेच झालं. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत सरकारी बक्षिसापायी ८० हजारांहून जास्त वाघ, दीड लाखाहून जास्त बिबटे आणि दोन लाख लांडगे मारले गेल्याचा हिशोब इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडला आहे.

आपल्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर अन्नसाखळी काढली होती, आठवतंय? गवत, ससा, लांडगा, आणि सगळ्यांत वर सिंह. त्या चित्रात सरकार नव्हतं. पण माणसाने गेल्या शतकात सर्वांत वरची जागा सरकारला दिली. कोण किती उरावं हे खातं ठरवणार. एल्डो लिओपोल्ड नावाचा अमेरिकन वनाधिकारी तरुणपणी स्वतः लांडगे मारण्याच्या बाजूचा होता. लांडगे कमी म्हणजे हरणं जास्त, एवढा सरळ हिशोब. पुढे त्याने डोंगरच्या डोंगर हरणांनी खाऊन उघडे पडलेले पाहिले, मग हरणं उपाशी मेलेली पाहिली, आणि आपली चूक लिहून ठेवली. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४९ साली आलं. आपली चूक आपल्या हाताने लिहिणारा सरकारी अधिकारी मला फार मोठा वाटतो.

आता मुख्य गोष्ट सांगते. अमेरिकेत १९६४ चा एक कायदा आहे, वाइल्डरनेस अॅक्ट. काही भूभाग असे राखायचे की तिथे रस्ता नाही, मोटार नाही, वस्ती नाही. माणूस तिथे पाहुणा. चालत जावं, घोड्यावर जावं, नदीतून तराफ्याने जावं आणि परत यावं. आयडाहोच्या मध्यभागी असं एक प्रचंड रान आहे, ‘फ्रँक चर्च - रिव्हर ऑफ नो रिटर्न’. १९८० साली ते राखलं गेलं. सुमारे २३ लाख एकर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून मोठं, आणि त्यात एकही शेत नाही, ऊस नाही, शाळा नाही. कॅनडातून आणलेले लांडगे याच रानात सोडले होते. मी आणि नवरा एकदा त्याच्या कडेने दोन दिवस चाललो. रात्री तंबूत पडल्यावर दूरवर लांडग्यांचं रडणं ऐकलं. घाबरले, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. वाटलं, चला, या जगात एक जागा तरी अशी आहे जिथे हे बिनघोर राहू शकतात.

तो माझा गैरसमज होता. २०१३ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोच्या राज्य वन्यजीव खात्याने एक पगारी सापळेवाला त्या रानात पाठवला. काम काय, तर दोन टोळ्या पुऱ्या संपवायच्या. तिथे कोणाची मेंढी मेली नव्हती. कोणाच्या मुलावर हल्ला झाला नव्हता. कारण एकच, एल्क नावाचं मोठं हरीण तिथे कमी झालं होतं आणि शिकाऱ्यांना ते जास्त हवं होतं. केंद्र सरकारच्या वन सेवेने आपली धावपट्टी आणि लाकडी घर त्याला वापरू दिलं. काही वन्यजीवप्रेमी संस्था कोर्टात गेल्या. खालच्या कोर्टाने स्थगिती नाकारली, ते वरच्या कोर्टात गेले, आणि तिथे सुनावणी व्हायच्या आत जानेवारी २०१४ च्या अखेरीस खात्याने त्या माणसाला परत बोलावलं. तोवर नऊ लांडगे मारून झाले होते.

ही बातमी मी ऑफिसात वाचली. माझ्या शेजारी बसणारा सहकारी शिकारी आहे. दर वर्षी एक एल्क मारतो, त्याचं मटण वर्षभर घरात पुरवतो, विकतचं आणत नाही. मी तावातावाने बोलले. तो शांतपणे म्हणाला, “त्या खात्याचा पगार कोण देतो, माहीत आहे? मी देतो.” आणि ते खरं आहे. तिथल्या राज्य वन्यजीव खात्याला सरकारी तिजोरीतून जवळजवळ काही मिळत नाही. शिकारीच्या आणि मासेमारीच्या परवान्यांची फी, आणि बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा वाटा, यावर ते चालतं. मग त्या खात्याला एल्क हे उत्पन्न दिसणार आणि लांडगा हा खर्च दिसणार. त्यात कोणी दुष्ट माणूस बसलाय असं नाही. हिशोबाची वही ज्या रकान्यांची असते, तेच रकाने भरले जातात. मी सॉफ्टवेअरमध्ये २० वर्षांहून जास्त काळ आहे, हे रोज बघते. ज्याची मोजणी होते तेच काम होतं.

पुढे २०१६ च्या जानेवारीत त्याच खात्याने त्याच रानात हेलिकॉप्टर उतरवले. परवानगी होती एल्कच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधण्यासाठी. ५७ एल्कना कॉलर बांधल्या आणि त्याबरोबर चार लांडग्यांनाही बांधल्या, ज्याची परवानगीच नव्हती. कॉलर म्हणजे नुसता पट्टा नाही. कॉलरवरून टोळी कुठे आहे ते कळतं, आणि कुठे आहे ते कळलं की मारताही येते. पुन्हा कोर्ट. जानेवारी २०१७ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की ज्या रानात मोटारीला बंदी आहे तिथे हेलिकॉप्टर उतरवून कायदा मोडला आहे, आणि त्यातून मिळालेली सगळी माहिती नष्ट करा.

माझ्या धंद्यात माहिती म्हणजे लक्ष्मी. एकदा गोळा झालेला डेटा कोणी पुसत नाही, ‘कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणून ठेवतो. आणि इथे एक न्यायाधीश म्हणतो, ही माहिती तुम्ही घ्यायलाच नको होती, पुसून टाका. मी तो निकाल दोनदा वाचला. काही जागा अशा असाव्यात की तिथे काय चाललंय याची आपल्याला खबरसुद्धा नसावी, हा विचार मी आयुष्यात पहिल्यांदा केला.

पण मी फक्त सरकारला नावं ठेवायला उभी नाही. त्याच आयडाहोत दुसरी गोष्टही घडते. बॉइसीपासून तीन तासांवर वुड रिव्हरचं खोरं आहे. उन्हाळ्यात तिथल्या डोंगरांवर दहा ते बावीस हजार मेंढ्या चरतात आणि तिथेच लांडगेही राहतात. दर ऑक्टोबरला मेंढ्यांचे कळप डोंगरावरून खाली येतात, तेव्हा गावाच्या मुख्य रस्त्यावरून त्यांची मिरवणूक निघते. ती बघायला आम्ही जातो. एका वर्षी एका मेंढपाळाशी गप्पा झाल्या. हे मेंढपाळ बहुतेक पेरू देशातून तात्पुरत्या व्हिसावर आलेले असतात. माझ्या मैत्रिणीला स्पॅनिश येतं, तिने मध्ये बसून सांगितलं. मी त्याला म्हटलं, “आमच्याकडेही धनगर मेंढ्या घेऊन हिंडतात. पीक निघालं की शेतात मेंढ्या बसवतात, खत होतं म्हणून. रात्री भोवती वाघर लावतात, जाळी. आणि कुत्री.” तो लगेच म्हणाला, “आणि माणूस? रात्री माणूस जागतो ना?” मी म्हटलं, जागतो. तो म्हणाला, “मग झालं. बाकी सगळं नंतर.”

त्या खोऱ्यात २००८ ते २०१४ अशी सात वर्षं एक प्रयोग झाला. लांडगे मारायचे नाहीत. राखणीची कुत्री वाढवली, रात्री मेंढ्यांभोवती दोरीवर फडफडणाऱ्या पट्ट्या लावल्या, लखलखणारे दिवे लावले, आवाजाचे बार काढले, आणि मुख्य म्हणजे रात्री माणूस कळपाजवळ ठेवला. शेजारच्या भागात नेहमीप्रमाणे लांडगे मारणं चालू होतं. सात वर्षांनी मोजलं तेव्हा जिथे मारत होते तिथे मेंढ्यांचं नुकसान साडेतीन पट जास्त निघालं. राखणीच्या भागात वर्षाला दर दहा हजार मेंढ्यांमागे सरासरी दोन मेंढ्या गेल्या, आणि एकही लांडगा मारावा लागला नाही. हा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. तरी त्याच राज्याने २०१४ मध्ये लांडगे मारण्यासाठी वेगळं मंडळ काढून वर्षाला चार लाख डॉलर दिले, आणि २०२१ मध्ये कायदा आणखी सैल केला. कारण राखण दिसत नाही. वाचलेली मेंढी कोणी मोजत नाही. मेलेला लांडगा मोजता येतो.

इथपर्यंत तिकडचं. आता आपल्याकडचं, आणि यात मी स्वतः आहे.

२००२ साली मी नुकतीच पुण्यात नोकरीला लागले होते. आमच्या वाडीवरची दोन वासरं बिबट्याने नेली होती आणि शेजारच्या वस्तीवर एका मुलीवर हल्ला झाला होता. ती वाचली, पण खांद्याला टाके पडले. गावाने ठरवलं, पिंजरा लावलाच पाहिजे, नाहीतर रास्ता रोको. ते निवेदन मी टाइप केलं. रविवारी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून, छान ठळक अक्षरात. पहिली सही माझ्या वडिलांची. पिंजरा लागला, आत शेळी बांधली, आणि पाचव्या रात्री बिबट्या अडकला. मी मुद्दाम गावी आले होते. जत्रेसारखी गर्दी. गजांना धडका मारून त्याच्या तोंडातून रक्त येत होतं. कोणी पेढे आणले, मीही खाल्ला. संध्याकाळी गाडी त्याला घेऊन गेली. कुठे नेला, आम्ही कोणी विचारलंच नाही. आपल्या इथून गेला ना, मग झालं.

दोन महिन्यांत त्याच उसात दुसरा बिबट्या आला.

बऱ्याच वर्षांनी, तिकडे लांडग्यांचं वाचता वाचता मी विद्या अत्रेय यांचं संशोधन वाचलं. ते आपल्याच जुन्नर वन विभागाचं होतं. १९९३ ते २००१ या काळात इथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली आणि २००१ ते २००३ मध्ये ती सरासरी १७ वर गेली. पकडताना जखमी झालेलं, बिथरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं जातं. तिथे त्याची हद्द नाही, भक्ष्य कुठे मिळेल ठाऊक नाही, आणि माणसं मात्र आहेतच. इकडे त्याची मोकळी झालेली जागा नवखा बिबट्या घेतो.

ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. डोळ्यांसमोर ती गाडी होती. आम्ही आमचा प्रश्न सोडवला नव्हता. कोणाच्या तरी वाडीच्या मागे नेऊन सोडला होता. तिथेही कोणाची तरी वहिनी दारात बसलेली असेल.

आमच्या कामात एक रोग आहे. ग्राहकाची तक्रार येते, तिला नंबर मिळतो. दुरुस्ती न करता ती दुसऱ्या विभागाकडे सरकवली की आपल्या यादीतून तक्रार ‘बंद’ होते. महिन्याचा अहवाल चांगला दिसतो. पण बिघाड तिथेच असतो. तो पेढा मी अशाच बंद झालेल्या तक्रारीचा खाल्ला होता.

त्यानंतर आपल्याकडे बदल झाला हेही सांगितलं पाहिजे. २००९ साली टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या काढला, त्याला कॉलर बांधली आणि माळशेज घाटात सोडला. त्याचं नाव ठेवलं होतं आजोबा. तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून पार मुंबईच्या कडेला पोहोचला आणि वाटेत त्याने कोणालाही इजा केली नाही. आयडाहोत कॉलर बांधली ती कोणाच्या कामासाठी, यावर कोर्टकज्जे झाले. इथे त्याच कॉलरने आपल्याला शिकवलं की सोडलेलं जनावर सोडलेल्या ठिकाणी राहत नाही. शेजारच्या अकोले तालुक्यात उसात कॅमेरे लावले, तर १०० चौरस किलोमीटरला जवळपास पाच मोठे बिबटे निघाले. तेव्हा तिथे एकही माणूस मेला नव्हता. ते जगत होते मुख्यतः गावच्या कुत्र्यांवर. २०११ साली केंद्र सरकारनेही सांगितलं की दिसला बिबट्या की पकड आणि सोड दुसरीकडे, हे करू नका. ऊसतोडीत पिल्लं सापडली की आता वन खात्याची माणसं ती त्याच फडाजवळ टोपलीत ठेवतात आणि मादी रात्री येऊन घेऊन जाते. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी हे पाहिलं असेल.

मी तिकडच्या माझ्या शिकारी सहकाऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याला पटेना. “तुमच्या शेतात? घरामागे? आणि तुम्ही गोळी घालत नाही?” त्यांच्याकडे २३ लाख एकर मोकळं रान आहे आणि त्यात नऊ लांडगे मावले नाहीत. आपल्याकडे रान नाही. कुकडीची पाच धरणं झाली, पाणी आलं, ऊस आला, आणि उसालाच बिबट्याने रान मानलं. तरी आपण त्याला जागा दिली. ही आपल्या माणसांची सहनशक्ती आहे आणि तिचा मला अभिमान वाटतो.

पण त्या सहनशक्तीची किंमत कोण देतो? मी देत नाही. पुण्या-मुंबईत बसून बिबट्याचे व्हिडिओ पुढे पाठवणारे देत नाहीत. ती किंमत रात्री साडेअकराला बांधावरून जाणारा माझा दादा देतो, दारातली वहिनी देते, मेंढ्यांच्या वाड्यावर उघड्यावर झोपणारं धनगराचं पोर देतं. ज्या बिबट्याने माणूस मारला आहे तो तिथे राहता कामा नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही आणि कायदाही तेच म्हणतो. पण एक बिबट्या हलवून काम संपलं असं समजलो तर आपण पुन्हा माझा २००२ चा पेढा खाऊ.

म्हणून शेवटी एक विनंती, आणि ती सरकारला नाही, तुम्हाला आहे.

आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवलाय. त्यातून प्रवेशद्वाराची कमान बांधायचं ठरलंय, तिच्यावर ‘१९९५ बॅच’ असं कोरलेलं असेल. माझाही त्यात वाटा आहे. माझं म्हणणं एवढंच की कमान थोडी ठेंगणी करू. उरलेल्या पैशांत तीन गोष्टी करता येतील. वाड्या-वस्त्यांवरून उसातून चालत शाळेत येणाऱ्या मुलांच्या वाटेवर सौर दिवे. ज्यांच्या गोठ्याला दारं नाहीत अशा गरजू घरांना बंदिस्त गोठ्यासाठी मदत, म्हणजे कुत्रं आणि शेळी रात्री आत राहील आणि बिबट्याला दारात यायचं कारण उरणार नाही. आणि तिसरी गोष्ट बिनपैशाची. आपल्या वर्गातले तीन जण आज वेगवेगळ्या ग्रामपंचायतींत सदस्य आहेत. शेतीला दिवसा वीज मिळावी हा ठराव प्रत्येक ग्रामसभेत करून घ्या आणि पाठपुरावा करा. सौर फीडरची योजना आहे, आपल्या फीडरचा नंबर कधी लागणार ते विचारत राहा. बिबट्याचा बंदोबस्त म्हटलं की आपल्याला पिंजरा आठवतो. दादाला विचाराल तर तो सांगेल, पहिला बंदोबस्त विजेच्या वेळापत्रकात आहे.

याचा हिशोब ठेवायचं काम माझं. दर वर्षी मी दोनच आकडे मागेन. किती गोठे बंदिस्त झाले, आणि किती वाड्यांना दिवसा वीज मिळाली. किती बिबटे पकडले, ते विचारणार नाही.

हे निवेदनही मीच टाइप करून आणलंय. पुन्हा ठळक अक्षरात. बाहेर सह्यांच्या टेबलावर ठेवलंय. या वेळी पहिली सही दादाने केली आहे. करताना म्हणाला, “बघू, पेढ्याची वेळ येते का.”

बाई, तुम्ही शिकवलेली अन्नसाखळी मला अजून पाठ आहे. तीत आपण कुठे बसतो, हे समजायला मात्र ३० वर्षं लागली. वेळेपेक्षा जास्त बोलले असेन तर संयोजकांनी माफ करावं.